शिक्षा भोगून झाल्यावर

गोव्याच्या विधानसभेने 2003 मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओंवर एक जबाबदारी टाकलेली आहे. रोल धुताना मुलांची अश्लील छायाचित्रे आढळली तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचे, आणि न कळवणे हाही गुन्हा. या कलमामागे मडगावचा एक खटला आहे. फातोर्ड्यात अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला एप्रिल 1991 मध्ये अटक झाली, तेव्हा त्याच्याकडे 2,305 छायाचित्रे आणि निगेटिव्हच्या पट्ट्या सापडल्या. मुलांवरच्या अत्याचाराचे चित्रण करणे, ते साठवणे किंवा पाहणे यासाठी त्या वेळी देशात स्वतंत्र कलमच नव्हते. भारतीय दंडसंहितेत अश्लील साहित्याचे जुने 292 होते आणि अत्याचारासाठी 377. शीला बर्से यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला, खटला उभा राहिला आणि मार्च 1996 मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पीट्स तुरुंगातच वारला. हा माणूस सुटला तर पुढे काय, हा प्रश्न त्या खटल्यात कधी आलाच नाही. गोव्याचा कायदा झाला त्याच सुमारास डिजिटल कॅमेरे बाजारात आले आणि काही वर्षांत रोल धुणारी दुकाने बंद पडली. स्टुडिओचे कलम कायद्यात राहिले, पण ज्या टेबलावर ती छायाचित्रे तिसऱ्या माणसाच्या नजरेला पडत होती ते टेबल गेले. चित्र काढणारा, पाठवणारा आणि पाहणारा यांच्यामध्ये आता कोणी दुकानदार उभा नाही.

त्यानंतरचा कायद्याचा इतिहास बहुतांशी शिक्षेच्या वर्षांचा इतिहास आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 67-ब हे कलम घातले गेले आणि ऑक्टोबर 2009 पासून लागू झाले: पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाखांपर्यंत दंड, दुसऱ्या वेळी सात वर्षांपर्यंत. नोव्हेंबर 2012 मध्ये पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा, आला आणि 2019 मध्ये तो आणखी कडक झाला. मुलांचा अश्लील चित्रणासाठी वापर करणाऱ्याला आता किमान पाच वर्षे आहेत आणि प्रत्यक्ष अत्याचाराच्या गंभीर प्रकारांत किमान वीस वर्षांपासून फाशीपर्यंत तरतूद आहे. यातले काही बदल आवश्यकच होते. पण आकडे नीट पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. ज्याने घरी बसून फोनवर अशी चित्रे मिळवली, जमवली, पुढे पाठवली, त्याला होणारी शिक्षा बहुधा तीन-पाच वर्षांच्या आतली असते. तो तिशीत किंवा चाळिशीत बाहेर येणार आणि त्याच्या हातात पुन्हा फोन असणार. त्या दिवसापासून पुढे न्यायालयाचा त्याच्याशी काय संबंध, याविषयी आपला कायदा गप्प आहे. आपण शिक्षेची लांबी वाढवत गेलो आणि देखरेखीचा विचारच केला नाही. तिची उणीव भरून काढायला आपण गुन्हेगारांची यादी केली. यादी आणि देखरेख या दोन्हींचा इतिहास आपल्याकडे आहे. त्यातला चुकीचा धागा आपण उचलला आहे, असे माझे म्हणणे आहे.

हे नीट समजण्यासाठी अमेरिकेकडे पाहावे लागते, कारण या गुन्ह्याला शिक्षा देण्याचा आणि नंतर नजर ठेवण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त नोंदवलेला अनुभव तिथल्या संघीय न्यायालयांचा आहे. अशा चित्रांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या फर्बर खटल्यात ठरवले. घरात नुसते बाळगणेही गुन्हा ठरवता येते, हे 1990 च्या ऑस्बोर्न खटल्यात ठरले. दरम्यान 1984 च्या कायद्याने शिक्षा ठरवण्याची सगळी पद्धत बदलली होती. न्यायाधीशागणिक शिक्षा बदलते ही तक्रार मिटवण्यासाठी एक आयोग नेमला गेला आणि नोव्हेंबर 1987 पासून त्याची मार्गदर्शिका लागू झाली. गुन्ह्याला एक मूळ पायरी, मग अमुक केले तर इतक्या पायऱ्या वर, तमुक केले तर आणखी इतक्या, अशी ही रचना. पत्राने, पाकिटातून, चोरट्या मासिकांतून चालणाऱ्या व्यवहाराच्या काळात तिचा पाया घातला गेला. पुढे संसदेने वेळोवेळी थेट हस्तक्षेप करून पायऱ्या वाढवल्या. संगणक वापरला तर दोन पायऱ्या वर. मूल बारा वर्षांखालचे असेल तर दोन. चित्रण क्रूर असेल तर चार. 2003 च्या प्रोटेक्ट कायद्याने चित्रांच्या संख्येचा तक्ताच घातला: दहापासून दोन पायऱ्या आणि सहाशे किंवा त्याहून जास्त असतील तर पाच. एक चित्रफीत म्हणजे पंचाहत्तर चित्रे असा हिशेब धरला जातो. म्हणजे आठ चित्रफिती उतरवल्या की माणूस थेट वरच्या टोकाला पोचतो.

फोन आणि जलद इंटरनेट आल्यावर या तक्त्याचे काय झाले हे आयोगाच्याच अहवालांत वाचायला मिळते. संगणकाची वाढ अपवादासाठी होती. ती जवळजवळ सगळ्यांनाच लागू होऊ लागली, कारण संगणकावाचून हा गुन्हा करणारा उरलाच नाही. 2021 च्या अहवालानुसार, चित्रण स्वतः न करणाऱ्या आरोपींकडच्या चित्रांची मध्यक संख्या 4,265 होती. वरची मर्यादा सहाशेची असताना निम्म्याहून अधिक माणसे तिच्या कितीतरी पलीकडे. ज्या मोजपट्टीने सगळेच सारखे मोजले जातात ती मोजपट्टी भेद करीत नाही. भुरटा आणि सराईत, निव्वळ साठवणारा आणि मुलांना गाठू पाहणारा, चार महिने हे करणारा आणि दहा वर्षे करणारा, सगळे एकाच टोकाला गोळा झाले. संघीय अपील न्यायालयांपैकी दुसऱ्या विभागाच्या न्यायालयाने 2010 मध्ये डॉर्वी खटल्यात ही विसंगती उघडपणे मांडली. पहिल्यांदाच सापडलेला, कोणाही मुलाला हात न लावलेला माणूस या तक्त्याने कायद्यातल्या कमाल शिक्षेपाशी जातो, आणि प्रत्यक्ष मुलाला फूस लावून भेटणाऱ्याची शिक्षा त्याहून कमी निघू शकते. 2005 च्या बुकर निकालाने मार्गदर्शिका बंधनकारक राहिली नव्हती, म्हणून न्यायाधीश तिच्यापासून बाजूला होऊ लागले. 2019 या आर्थिक वर्षात चित्रण न करणाऱ्यांपैकी केवळ 30 टक्के आरोपींना मार्गदर्शिकेत बसणारी शिक्षा झाली, 59 टक्क्यांना तिच्याखाली. ज्या असमानतेवर उपाय म्हणून ही व्यवस्था आली होती ती असमानता याच गुन्ह्यात परत आली. तरीही सरासरी शिक्षा 103 महिन्यांची, म्हणजे साडेआठ वर्षांहून जास्त होती. अमेरिकेत या गुन्ह्याकडे सौम्यपणे पाहिले जाते असे कोणी म्हणू शकणार नाही. आयोगाने 2012 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये सुचवले ते असे की चित्रे मोजण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात: संग्रह कसला आहे आणि किती पद्धतशीरपणे जमवला, आरोपी अशा लोकांच्या टोळक्यात कितपत सामील होता, आणि त्याच्या मागे प्रत्यक्ष अत्याचाराचा किंवा धोकादायक वर्तनाचा इतिहास आहे का.

याच 1984 च्या कायद्याने दुसरी एक गोष्ट केली होती, आणि आपल्या दृष्टीने ती जास्त महत्त्वाची. संघीय पातळीवरचा पॅरोल बंद करून त्या जागी त्याने सुटकेनंतरची देखरेख आणली. फरक मोठा आहे. पॅरोलमध्ये शिक्षेचा उरलेला भाग बाहेर काढायचा असतो आणि तो पॅरोल मंडळ देते. ही देखरेख मात्र शिक्षा पूर्ण भोगल्यानंतर सुरू होते, आणि तिची मुदत व तिच्या अटी खुद्द न्यायाधीश शिक्षेच्या हुकमातच लिहितो. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या गुन्ह्यांत 2003 नंतर ती आयुष्यभराचीही असू शकते आणि 2006 पासून किमान पाच वर्षे सक्तीची आहे. तिची कुळकथा मात्र फार मागची. बॉस्टनचा बूट तयार करणारा कारागीर जॉन ऑगस्टस 1841 मध्ये पोलीस कोर्टात गेला, एका दारुड्याचा जामीन झाला आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्याला शुद्धीवर आणि कामाला लागलेला असा कोर्टासमोर उभा केला. न्यायाधीशाने नाममात्र दंड करून माणूस सोडला. ऑगस्टसने मरेपर्यंत सुमारे दोन हजार माणसे अशी पदरात घेतली. मॅसॅच्युसेट्सने 1878 मध्ये त्याचे रूपांतर पगारी अधिकाऱ्यात केले आणि इंग्लंडने 1907 मध्ये आपला प्रोबेशन कायदा केला. या परंपरेच्या मुळाशी एक माणूस, एक न्यायाधीश आणि त्या दोघांमध्ये उभा राहणारा तिसरा माणूस आहे.

आज या गुन्ह्यातली देखरेख जवळून पाहिली तर ती अशी चालते. सुटलेल्या माणसाने आपल्याजवळचा प्रत्येक फोन, संगणक आणि खाते अधिकाऱ्याला लिहून द्यायचे. न कळवलेले यंत्र सापडले तर तोच अटींचा भंग. फोनवर नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले जाते आणि तो काय शोधतो, कुठे जातो याचा गोषवारा अधिकाऱ्याकडे पोचतो. वाजवी संशय असेल तर घराची आणि यंत्रांची झडती घेता येते. मुलांशी संपर्क ठेवायचा असेल तर परवानगी लागते. लैंगिक वर्तनावरचे उपचार सक्तीचे असतात आणि उपचार करणारा गैरहजेरी कळवतो. भंग झाला की माणूस पुन्हा त्याच न्यायाधीशासमोर उभा राहतो. यातली प्रत्येक अट जाचक आहे, हे मान्यच केले पाहिजे. म्हणून त्या अटींवर न्यायालयांत जो झगडा झाला तो या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. 1999 मध्ये तिसऱ्या विभागाच्या न्यायालयाने परवानगीशिवाय इंटरनेट वापरायला केलेली मनाई उचलून धरली, कारण त्या आरोपीने इंटरनेटवरूनच एका चौदा वर्षांच्या मुलीला गाठले होते. 2002 मध्ये दुसऱ्या विभागाने तशीच मनाई रद्द केली, कारण तिथला आरोपी चित्रे मिळवणारा होता आणि त्याच्या बाबतीत अचानक तपासणी व नोंद एवढे पुरेसे होते. अट गुन्ह्याशी आणि माणसाशी जुळली पाहिजे, हे तत्त्व अशा निकालांतून घडले. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2011 मध्ये हेच सांगितले: इंटरनेट हा रोजच्या जगण्याचा भाग झाला असताना सरसकट बंदी अतिरेकी ठरते. 2017 च्या पॅकिंगहॅम खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलिनाचा एक कायदा एकमताने फेटाळला; त्याने लैंगिक गुन्हेगारांच्या यादीतल्या प्रत्येकाला समाजमाध्यमांची दारे बंद केली होती. 2019 च्या हेमंड खटल्यात तर देखरेखीच्या अंगावरच कात्री चालली. अटीचा भंग झाला म्हणून ज्यूरीविना, शक्याशक्यतेच्या तराजूवर तोलून, न्यायाधीशाने किमान पाच वर्षे पुन्हा तुरुंगात पाठवण्याची सक्ती पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरली. ज्या व्यवस्थेला प्रश्न विचारता येतात आणि जी प्रश्नांनी बदलते, ती न्यायालयाच्या हातात राहिल्यामुळेच बदलते.

याच काळात अमेरिकेत दुसरी एक व्यवस्थाही वाढत होती. 1994 मध्ये जेकब वेटरलिंग या बेपत्ता मुलाच्या नावाने राज्यांना गुन्हेगारांची नोंदवही ठेवायला लावणारा कायदा झाला. 1996 मध्ये मेगन या मुलीच्या नावाने ती लोकांना खुली झाली. 2006 मध्ये अ‍ॅडम वॉल्श या मुलाच्या नावाने ती देशभर एकसारखी झाली. या कायद्यांमागचे दुःख खरे आहे आणि त्या आईबापांविषयी बोलताना शब्द जपून वापरावेत. पण नोंदवही नेमके काय करते? ती दोषसिद्धीचे कलम पाहते आणि नाव टाकते. त्या माणसाचे पुढे काय झाले, तो उपचार घेतो का, त्याचा फोन कोण तपासतो, हे तिला ठाऊक नसते. लोकांना खुल्या केलेल्या नोंदवहीमुळे पुन्हा घडणारे गुन्हे घटतात असा ठाम निष्कर्ष तीस वर्षांच्या संशोधनातून निघालेला नाही. उलट घर आणि नोकरी मिळेनाशी होऊन माणूस नजरेआड होतो, ही तक्रार पोलिसांचीही आहे. जेकबची आई पॅटी वेटरलिंग यांनीच पुढे या कायद्यांच्या सरसकटपणाविषयी जाहीर शंका घेतली. मुलगा गमावलेल्या बाईने हे म्हणावे याला वजन आहे.

आता आपल्याकडे वळू. प्रोबेशन ही अलीकडची किंवा परकी गोष्ट आहे असा समज असेल तर तो चुकीचा आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, ज्यात आजचा विदर्भ होता, प्रोबेशनचा कायदा 1936 मध्ये झाला. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तो 1938 मध्ये झाला. 1936 मध्येच मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा सुरू झाली, जी पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. समाजकार्य हा शिकून करायचा पेशा आहे हे तिथे ठरले, आणि गुन्हेगाराच्या घरी जाऊन त्याची परिस्थिती पाहून न्यायालयाला अहवाल देणारा परिविक्षा अधिकारी हा त्याच विचारातला माणूस. केंद्राचा कायदा 1958 मध्ये आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार न्यायालय शिक्षा न सुनावता माणसाला जास्तीत जास्त तीन वर्षांच्या मुचलक्यावर सोडू शकते, किमान वर्षभराच्या देखरेखीचा हुकूम देऊ शकते आणि त्यात निवासाच्या, वर्तनाच्या अटी घालू शकते. ही आपली एक परंपरा. तिची मेख अशी की ती तुरुंगाऐवजी वापरायची, तुरुंगानंतर वापरता येत नाही. किमान शिक्षा ठरवून दिलेल्या कलमांत तर ती जवळपास बंदच. म्हणून मुलांच्या शोषणाच्या गुन्ह्यात न्यायालयापुढे दोनच टोके राहतात: तुरुंग आणि त्यानंतर काहीच नाही, किंवा क्वचित तुरुंगाविना मुचलका. शिक्षा आणि तिच्यामागून देखरेख हा मधला रस्ता कायद्यात आखलेलाच नाही.

दुसरी परंपरा अधिक जुनी आणि महाराष्ट्राला अधिक दुखरी आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 च्या सुधारणेनंतर मुंबई प्रांतात लागू झाला. पारधी, कैकाडी आणि अशा कितीतरी जमातींची माणसे जन्मानेच यादीत गेली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणामागे कुटुंबेच्या कुटुंबे राहत होती, गिरणीत कामाला जात होती आणि ठरल्या वेळी हजेरी देत होती. हजेरी चुकली की गुन्हा. कोणी काय केले हे कोणी विचारीत नव्हते. नाव वहीत आहे एवढे पुरे होते. ऑगस्ट 1952 मध्ये तो कायदा गेला, पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि वही दुसऱ्या नावाने राहिली. कारागृहांच्या नियमांत हा भेद अजून शिल्लक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 मध्ये सांगावे लागले. पोलिसांनी रात्री-बेरात्री दार ठोठावण्याचा अधिकार 1962 च्या खडकसिंग निकालाने काढून घेतला, तोही अशाच एका वहीच्या निमित्ताने. म्हणून देखरेख म्हटले की आपल्याकडच्या सुजाण माणसाच्या अंगावर काटा येतो. तो आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मुलांच्या नावाने आणलेले हत्यार उद्या पालावरच्या पोरावर चालवले जाणार नाही याची हमी कोण देणार?

माझे उत्तर असे की हा आक्षेप यादीला लागू पडतो आणि न्यायालयाच्या हुकमाला त्या प्रमाणात लागू पडत नाही. पण आपण नेमकी यादीच निवडली आहे. सप्टेंबर 2018 मध्ये केंद्र सरकारने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीसाठा सुरू केला. सुरुवातीलाच त्यात सुमारे 4.4 लाख नोंदी होत्या आणि बलात्कारापासून छेडछाडीपर्यंतची कलमे एका छपराखाली होती. तो फक्त पोलीस यंत्रणांसाठी आहे, लोकांना खुला नाही, ही त्यातली शहाणपणाची बाजू. तपासासाठी त्याचा उपयोगही आहे. पण नोंद झालेल्या माणसाला भेटायला जाणारा कोणी नाही, त्याला अट घालणारे न्यायालय नाही आणि अट उठवून मागण्याचा मार्ग नाही, कारण अटच नाही. न्यायालयाच्या हुकमात यातले सगळे असते. हुकूम सिद्ध झालेल्या कृत्यावर निघतो, त्याला मुदत असते, त्यात कारणे लिहावी लागतात आणि त्यावर अपील होते. सोलापूरच्या कुंपणाआतल्या माणसाकडे यातले एकही नव्हते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: अशा माणसाला बाहेर सोडून देखरेख कसली करता, आत ठेवा. त्यामागचा संताप रास्त आहे. पण आत ठेवण्याची मुदत संपतेच, आणि ती दहाची वीस केली तरी संपतेच. बहुतेक ऑनलाइन गुन्ह्यांत तर ती पाचच्या आत संपते. ज्यांना कडक शिक्षा हवी त्यांनीच खरे तर सुटकेनंतरच्या व्यवस्थेचा आग्रह धरायला हवा. तिसरा आक्षेप आकडेवारीचा. केवळ चित्रांच्या गुन्ह्यात सापडलेली माणसे फारशी पुन्हा सापडत नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला? सेटो, हॅन्सन आणि बाबचिशिन यांनी 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले. काही वर्षांच्या पाठपुराव्यात सुमारे 2 टक्के माणसे प्रत्यक्ष अत्याचाराच्या नव्या गुन्ह्यात आणि 3.4 टक्के पुन्हा अशा चित्रांच्या गुन्ह्यात सापडली. हे प्रमाण सर्वसाधारण समजुतीपेक्षा फार कमी आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्याच अभ्यासात असेही आहे की सुमारे 12 टक्क्यांच्या मागे प्रत्यक्ष अत्याचाराची अधिकृत नोंद आधीच होती, आणि जिथे माणसांनी स्वतः कबुली दिली तिथे ते प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले. म्हणजे या गटात पुन्हा कधीच काही न करणारे बहुसंख्य आहेत आणि त्यांच्यात मिसळलेले थोडे धोकादायकही आहेत. त्यांना वेगळे ओळखायचे काम चित्रांची संख्या करू शकत नाही आणि यादीही करू शकत नाही. महिन्याला समोर बसणारा, फोन उघडून पाहणारा, उपचारकाशी बोलणारा माणूसच ते काही प्रमाणात करू शकतो.

आणि ‘त्याने फक्त पाहिले’ हा युक्तिवाद. अमेरिकेत पॅरोलाइन खटल्यात 2014 मध्ये प्रश्न असा होता की एका पीडितेची केवळ दोन चित्रे ज्याच्याकडे सापडली त्याने तिला भरपाई किती द्यायची. न्यायालय म्हणाले, त्याचा वाटा थोडा असेल पण शून्य नाही. 2018 मध्ये संसदेने असा प्रत्येक दोषी पीडितेला किमान तीन हजार डॉलर देईल असे ठरवले. त्यामागची जाणीव अशी की लहानपणी जिचे चित्रण झाले ती मुलगी मोठी होते, आणि ते चित्र जगात कुठे ना कुठे रोज उघडले जाते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 रोजी हीच जाणीव मान्य केली. अशी चित्रे नुसती डाउनलोड करून ठेवणे गुन्हा नाही असे मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जानेवारीत म्हटले होते. तो निकाल फिरवताना न्यायमूर्ती चंद्रचूड आणि पारडीवाला यांच्या खंडपीठाने पोक्सोच्या पंधराव्या कलमाचा अर्थ विस्ताराने सांगितला. त्याच निकालात पीडितांना आधार आणि गुन्हेगारांसाठी पुनर्वसनाचे कार्यक्रम हवेत असेही म्हटले आहे. वर्तमानपत्रांत पहिल्या भागाच्या बातम्या झाल्या, दुसऱ्याच्या फारशा नाहीत.

राहिला माणसांचा आणि पैशांचा प्रश्न, जो सरकारी दरबारात सर्वांत आधी विचारला जातो. तपासाच्या बाजूने आपण यंत्रणा उभी केली आहे. अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राकडून येणाऱ्या इशाऱ्यांसाठी 2019 मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने करार केला. महाराष्ट्र सायबरने 2020 मध्ये त्या इशाऱ्यांवर ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ हाती घेतले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत गुन्हे दाखल झाले. एक फोन पकडण्यासाठी दोन देशांच्या यंत्रणा जुळू शकतात, तर तो माणूस सुटल्यावर त्याचा पुढचा फोन पाहायला जिल्ह्यात एक शिकलेला अधिकारी असू शकत नाही, हे पटण्यासारखे नाही. महाराष्ट्रात परिविक्षा अधिकारी हे पद आहे. त्याच्यावर इतर कामांचा बोजा आहे आणि या कामाचे प्रशिक्षण त्याला कोणी दिलेले नाही. पद नव्याने निर्माण करण्यापेक्षा ते मोकळे करणे आणि शिकवणे सोपे आहे. पोलीस ठाण्याकडे हे काम देऊ नये. ते दिले की हजेरी परत आली.

कायद्यात करायचा बदल तसा छोटा आहे. 67-ब आणि पोक्सोच्या तेराव्या ते पंधराव्या कलमांखाली दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षा सुनावताना न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि गरज दिसली तर कारावासानंतरच्या ठरावीक वर्षांची देखरेख त्याच निकालपत्रात लिहावी: कोणती यंत्रे कळवायची, कोण तपासणार, उपचार कुठे, मुलांच्या संपर्काबाबत काय. अट माणसागणिक वेगळी असावी आणि वर्षा-दोन वर्षांनी तिचा फेरविचार मागण्याचा हक्क त्याला असावा. शिक्षेचा भाग असल्यामुळे राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदानुसार ती मागच्या गुन्ह्यांना लावता येणार नाही. बदलानंतर घडलेल्या गुन्ह्यांनाच लागेल. म्हणजे आज कायदा झाला तरी त्याखालचा पहिला माणूस अधिकाऱ्यासमोर येऊन बसायला काही वर्षे जातील. तोवर सुटणारे सगळे जसे आज सुटतात तसेच सुटत राहतील.